उभ्यानं बोलणाऱ्या आपा

आपा ऑनलाइन व्याख्यानसुद्धा उभ्यानंच द्यायच्या. रविवारी सकाळी समोरच्या खोलीतल्या शिलाई मशीनवर एक पाट ठेवायचा, पाटावर लॅपटॉप, आणि त्याच्यासमोर आपा. कांजी केलेली सुती साडी, डोक्यावरून नीट घेतलेला पदर, मनगटावर साहेबांचं, म्हणजे त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचं, सैल पट्ट्याचं घड्याळ. आणि पायांत चपला. ऐकणाऱ्यांना त्या खांद्यापर्यंतच दिसायच्या. मी एकदा म्हटलं, "आपा, चपला कशाला? पाय कुणाला दिसतात?" त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "वर्गात अनवाणी गेले का मी कधी? बसून बोललं की गप्पा होतात मंगल. उभं राहिलं की माणूस शब्द जपून काढतो."

सारी नोकरी त्यांनी शहरातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं होतं. मूळच्या सिल्लोडच्या. घरात उर्दू, शाळा मराठी, त्यामुळं दोन्ही भाषा त्यांच्या तोंडात सारख्याच घरच्या. मी लासूर स्टेशनहून रोज गाडीनं कॉलेजला यायची. गाडी उशिरा आली की वर्गाचं दार लागलेलं असायचं आणि बाकीचे प्राध्यापक ते उघडायचे नाहीत. आपा उघडायच्या. नुसतं उघडायच्या नाहीत, तर आधी काय झालं ते दोन वाक्यांत सांगायच्या आणि मगच पुढं शिकवायच्या. "गाडी उशिरा आली तर राज्यघटनेनं का थांबू नये?" असं विचारायच्या. वर्गातल्या मुस्लिम मुली त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायच्या. मी पहिलं वर्ष मॅडम म्हटलं, मग माझ्याही तोंडात आपाच बसलं.

माझं लग्न झालं ते एका मोठ्या घरात. निवडणुकीच्या आदल्या दिवशी सासरे ओसरीवर बसून सगळ्यांना सांगायचे, उद्या अमुक चिन्ह. कुणी उलट बोलायचं नाही. पहिल्यांदा मला ते फार लागलं आणि मी आपांना फोन केला. वाटलं, त्या सासऱ्यांना दोन शब्द ऐकवतील. त्या हसल्या. म्हणाल्या, "त्यांना हो म्हण. मोठे आहेत, वाद घालू नको. पण मत देताना त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला तुझ्यासोबत कुणी येत नाही. आख्ख्या जगात बाईला तेवढी एकच खोली मिळते, जिथं 'काय करतेस गं' असं कुणी विचारत नाही. तिथं घाई करू नको. जरा थांब. बरं वाटतं." मी थांबले होते. खरंच बरं वाटलं होतं.

लॉकडाऊन लागलं तेव्हा आपा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. साहेब गेलेले. मुलगा इमरान आणि सून सबा त्यांच्याजवळच राहत, रोशन गेटच्या अलीकडच्या घरात. मी तोवर शहरातल्याच एका शाळेत शिकवत होते आणि मोबाइलवरून वर्ग घ्यायला नुकती शिकले होते. आपांचा फोन आला, "तू मुलांना घरातून शिकवतेस म्हणे. मग मला का नाही जमणार?" तुम्ही काय शिकवणार, असं मी विचारलं. "मत," त्या म्हणाल्या. "दुसरं काय येतं मला?"

अशी ती रविवारची व्याख्यानं सुरू झाली. लिंक मी पाठवायची, लोकांना आत मी घ्यायची, आवाज बंद-चालू मी करायची. सुरुवातीला त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या. मग त्या विद्यार्थिनींच्या सासवा आल्या, नणंदा आल्या, गावाकडचे शिक्षक आले. पैठणचे एक तात्या आले, निवृत्त एसटी ड्रायव्हर. त्यांना स्वतःचा माईक बंद करता यायचा नाही, आणि मी बंद केला की ते पुन्हा चालू करायचे. त्यामुळं आपांच्या प्रत्येक व्याख्यानात मागे तात्यांचा कुकर वाजायचा, तात्या कुणालातरी "अगं, बघ की, उतू जाईल" म्हणायचे. आपा त्यांच्यावर कधी चिडल्या नाहीत. "तात्या, भाजी झाली का? मग पुढं जाऊ," म्हणायच्या.

त्यांचा आवडता विषय होता राष्ट्रपतीची निवडणूक. का, ते मला कधी नीट कळलं नाही. त्या म्हणायच्या, "ज्या निवडणुकीत आपल्याला मत नाही, ती आधी समजून घ्यावी. मग आपल्याकडं काय आहे ते कळतं." आपण आमदार-खासदार निवडतो, आणि निवडून आलेले आमदार-खासदार राष्ट्रपती निवडतात, इथपर्यंत सगळ्यांना समजायचं. पण तिथं एकाच नावापुढं शिक्का नसतो, पसंतीचे आकडे लिहितात, हे सांगितलं की लोक गडबडायचे. मग आपा म्हणायच्या, "समजा, आपल्याला सहलीला जायचंय. तीन ठिकाणं आहेत. म्हैसमाळ, वेरूळ, पैठण. तुम्ही लिहिलं, पहिली पसंती म्हैसमाळ, दुसरी पैठण. आता म्हैसमाळला कमी लोक निघाले म्हणून ते नाव बाद झालं. तर तुम्ही घरी बसायचं का? नाय. तुमची चिठ्ठी उचलायची आणि पैठणच्या ढिगावर ठेवायची. मत मरत नाही. ते चालत दुसऱ्याच्या दारात जातं."

"मॅडम, मग पैठणच येणार निवडून," तात्या माईकवरून म्हणाले, आणि सगळे हसले. आपाही हसल्या. त्यांना हसताना उजव्या गालावर हात ठेवायची सवय होती.

अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीवरही त्या बोलत. तिथं राज्याराज्यातली मतं मोजतात, त्यामुळं देशभरात जास्त मतं मिळालेला माणूस हरला असंही घडलंय, हे ऐकून सिल्लोडच्या एक मावशी म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या देशात हे कसलं गणित?" आपा म्हणाल्या, "गणित बरोबरच आहे. गणित मांडणारानं काय धरायचं ते आधी ठरवलं होतं." मग त्या तिथल्या काळ्या माणसांबद्दल सांगायच्या. कागदावर हक्क होता. पण मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलं की वाचून दाखवा, लिहून दाखवा, असली परीक्षा घ्यायचे आणि नापास करून परत पाठवायचे. हे सांगताना आपांचा आवाज खाली जायचा. "हक्क मिळणं आणि तो वापरायला मिळणं, याच्या मधे एक दार असतं. दारात कुणीतरी उभं असतं. कधी सरकारी साहेब असतो, कधी सासरा असतो. मी त्या दाराबद्दल बोलते."

त्यांच्या आजीची गोष्ट मी त्यांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकली. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा यादी करायला माणूस घरी आला. त्यानं दारातून विचारलं, बाईचं नाव काय? परक्या पुरुषाला नाव सांगायचं नसतं, असं आजीला शिकवलेलं. तिनं आतून मुलाचं नाव घेऊन "त्याची आई" एवढंच सांगितलं. नाव नाही म्हणून ती यादीतून गळाली. "दादी म्हणायच्या, मला काय ठाऊक होतं की नाव सांगितलं असतं तर सरकारनं मला विचारलं असतं, तुला कोण पाहिजे?" एवढं सांगून आपा थांबायच्या. दर वेळी तिथंच थांबायच्या.

प्रश्नोत्तरांचा त्यांचा एकच नियम होता. पहिला प्रश्न बाईचा. पुरुष हात वर करून बसलेले असायचे आणि आपा म्हणायच्या, "थांबा. आधी कुणीतरी ताई बोलेल." आणि कुणी बोलेपर्यंत त्या गप्प उभ्या राहायच्या. ऑनलाइन शांतता फार अवघड असते. लाईन गेली की काय असं वाटतं. मी कासावीस व्हायची, त्या नाही. एकदा अशीच बराच वेळ शांतता गेली आणि मग एक बारीक आवाज आला, "मॅडम, माझं नाव अजून माहेरच्याच यादीत आहे. सासरचे म्हणतात, राहू दे, काय अडलंय. मी काय करू?" आपांनी बाकीचं सारं सोडून त्या मुलीला सगळं समजावलं. कुठं जायचं, काय न्यायचं, कुणी टाळलं तर काय म्हणायचं. पुरुषांना त्या दिवशी प्रश्न विचारायला वेळच उरला नाही.

आणि स्वतः त्या कुणाला मत देतात, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. इमरानलाही नाही, साहेबांनाही नाही. साहेब म्हणे एकदा रुसून जेवले नव्हते. आपांनी ताट झाकून ठेवलं, पण सांगितलं नाही.

पहिली खूण केव्हा दिसली ते मला सांगता येणार नाही. तेव्हा ती खूण वाटलीच नव्हती. चहात मीठ पडलं, ते कुणाच्याही घरी पडतं. त्यांनी मला साहेबांची तब्येत विचारली आणि लगेच "अरे, काय बोलते मी," म्हणून कपाळावर हात मारला, तेही मी हसण्यावारी नेलं. मग एका रविवारी मी गेले तर पाटावर लॅपटॉपशेजारी कागद होता. आपांनी जन्मात कधी कागद बघून शिकवलं नव्हतं. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: म्हैसमाळ, वेरूळ, पैठण.

मी तो कागद त्यांना दिसेल असा सरळ केला आणि लोकांना आत घेतलं. 

पुढं एकदा अमेरिकेच्या निवडणुकीवरच बोलणं होतं. छान चाललं होतं. त्या दाराच्या गोष्टीपर्यंत आल्या, काळ्या माणसांच्या परीक्षेचं सांगितलं, आवाज खाली गेला, "मी त्या दाराबद्दल बोलते," म्हणाल्या. क्षणभर थांबल्या. आणि पुन्हा सुरुवात केली, "कागदावर हक्क होता." तीच वाक्यं, तोच आवाज, तसाच खाली गेलेला. लोकांना वाटलं, ठसवण्यासाठी सांगतायत. ते संपलं आणि त्या पुन्हा म्हणाल्या, "कागदावर हक्क होता." मी त्यांच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी उभी होते. मला त्यांचा हात दिसत होता. त्यांनी पाटाची कड घट्ट धरली होती. त्यांना कळत होतं की काहीतरी चुकतंय, पण बाहेर पडायची वाट सापडत नव्हती.

 आणि तात्यांचा आवाज आला, मोठ्यानं.

"मॅडम! ओ मॅडम! आवाज येईना तुमचा. काहीच ऐकू येईना बघा. लाईनच खराब आहे आज."

आपांचा आवाज स्वच्छ येत होता, सगळ्यांनाच ऐकू येत होता. पण सिल्लोडच्या मावशी म्हणाल्या, "हां, माझ्याकडं पण तुटतंय." मग एकेक जण बोलायला लागलं. आवाज अडकतोय. चित्र थांबलंय. आज राहू द्या मॅडम, पुढच्या वेळी ऐकू. एवढी सगळी माणसं एकमेकांना न विचारता एकच खोटं बोलत होती. आपा पडद्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंगल, बघ बरं काय झालंय ते." मी पुढं होऊन लॅपटॉप बंद केला.

त्यांनी चपला काढल्या आणि पलंगावर बसल्या. मी पाणी आणलं. ते न पिता त्या म्हणाल्या, "लाईन खराब नव्हती."

"नव्हती," मी म्हटलं.

"किती वेळा सांगितलं मी ते?"

मी सांगितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "चांगली माणसं आहेत गं सगळी." आणि रडायला लागल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. साहेब गेले तेव्हाही नाही.

इमराननं त्यांना डॉक्टरांकडं नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. औषधांनी थोडा वेग कमी होईल, मागं फिरणार नाही, असंही सांगितलं. आपांनी घरी येऊन मला फोन केला. "सगळ्यांना लिंक पाठव. अजून एकदा बोलायचं आहे. आणि खुर्ची लागेल."

त्या रविवारी त्या बसून बोलल्या. पडद्यावर पहिल्यांदाच त्यांच्यामागं भिंतीऐवजी खुर्चीची पाठ दिसली. फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मला विसरायचा आजार झालाय. कायदा सांगताना मी चुकले तर नुकसान तुमचं होईल. कुणाची तरी संधी जाईल. म्हणून मी थांबते आहे. मला काही झालं म्हणून थांबत नाही, तुम्हाला काही होऊ नये म्हणून." मग थोडं थांबून, "पहिला प्रश्न ताईंचा," म्हणाल्या. कुणीच काही विचारलं नाही. सगळ्याजणी रडत होत्या. आपा थांबून राहिल्या, नेहमीसारख्या. शेवटी माहेरच्या यादीतली ती मुलगी म्हणाली, "मॅडम, माझं नाव आलं सासरच्या यादीत." आपांनी गालावर हात ठेवला.

लोकसभेची निवडणूक आली तेव्हा त्या माणसं ओळखायच्या, पण दिवस-वार हरवले होते. मी सकाळी त्यांना न्यायला गेले तर इमराननं मला दारातच अडवलं. भला मुलगा आहे, आईचं सगळं करतो. पण दमला होता. "मंगलबाजी, क्यों ले जाना? ऊन किती आहे. तिथं रांग, गर्दी. त्यांना आता काय समजतं? कुणी हसलं तर? मेरेकू बर्दाश्त नै होता."

आतून आपांचा आवाज आला, अगदी पूर्वीचा, वर्गातला.

"अदालत का कागज है क्या तेरे पास?"

 त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साडी नेसलेली, पायांत चपला. "माणसाची अक्कल गेली हे ठरवायचं काम कोर्टाचं आहे. घरच्यांचं नाही. कोर्टानं सांगेपर्यंत माझं मत माझं. असेल कागद तर दाखव, नाहीतर गाडी काढ." इमरान हसला आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानं गाडी काढली. त्या दिवशी आपांनी स्वतः मत दिलं. आडोशाला बराच वेळ उभ्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. घरी येताना म्हणाल्या, "लई बरं वाटलं."

त्यानंतर त्यांचं मराठी जायला लागलं. आधी मोठे शब्द गेले, मग रोजचे. जे राहिलं ते सिल्लोडच्या घरातलं, आईकडून आलेलं बोलणं. मी "आपा, जेवलात का?" विचारलं की त्या माझ्याकडं नुसत्या बघायच्या. सबा म्हणायची, "अम्मी, खाना खाए क्या?" की "हौ" म्हणायच्या. आमची सारी मैत्री मराठीत झाली होती. वर्ग मराठीत, फोन मराठीत, भांडणं मराठीत. मला त्यांच्याशी दुसऱ्या भाषेत बोलायची सवयच नव्हती. मी सबाकडून वाक्यं शिकून त्यांच्याशी बोलायला लागले, आणि त्या माझ्याशी पाहुण्या बाईशी बोलावं तसं अदबीनं बोलायच्या. "बैठो ना. चाय पीके जाव." मी चहा घ्यायची. कप त्या माझ्यापुढं नीट दांडी माझ्याकडं करूनच ठेवायच्या.

विधानसभेच्या वेळी नेऊ की नको, हे मला कळत नव्हतं. या वेळी इमराननंच विचारलं, "बाजी, येणार ना? नाही नेलं तर मला वाटेल, अम्मीला समजत असतं तर ती काय म्हणाली असती." त्यानं आम्हाला शाळेच्या फाटकाशी सोडलं आणि गाडी लावायला गेला. मी आपांचा हात धरून आत गेले. लोकांनी रांगेतून वाट दिली. एका कर्मचाऱ्यानं रजिस्टर पुढं केलं आणि पेन दिलं. आपांनी पेन हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि त्याला परत दिलं. मग त्यानं शाईचं पॅड सरकवलं. माझ्या बाईंनी अंगठा उठवला. मी दुसरीकडं बघितलं. पुढच्या बाईनं त्यांच्या बोटाला, नखाच्या मुळाशी, शाई लावली.

त्या आडोशाला गेल्या. आम्ही सगळे थांबलो. यंत्राचा आवाज येईना. आत त्या ताठ उभ्या होत्या, पाठमोऱ्या. केंद्राचे मुख्य अधिकारी माझ्याच वयाचे होते. ते हळूच मला म्हणाले, "ताई, आजारी मतदाराला सोबती चालतो. तुम्ही जा, त्या सांगतील ते बटण दाबून द्या."

मी जवळ गेले. "आपा, मैं दबाऊं क्या?"

त्यांनी माझा हात बाजूला केला. रागानं नाही. "नक्को," म्हणाल्या. "ये मेरा है."

मग पुन्हा त्या चिन्हांकडं बघत राहिल्या. एकेकावरून नजर फिरवत होत्या, लग्नघरात जाऊन ओळखीचं कुणी शोधावं तशा. शेवटी वळून अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "इनमें से मैं किसी कू पैचानती नै. बिन पैचाने कैसा देना?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली. त्यांनी रजिस्टरमध्ये, मतदारानं मत दिलं नाही, असा शेरा लिहिला आणि आपांचा पुन्हा एकदा अंगठा घेतला. त्या अंगठा उठवून "शुक्रिया" म्हणाल्या आणि स्वतःच दाराकडं चालू लागल्या. मी त्यांच्या मागं निघाले. सगळ्या आयुष्यात त्यांनी एकही मत चुकवलं नव्हतं, आणि पहिल्यांदा चुकलं तेही त्यांनी स्वतः ठरवून. न ओळखता मत देऊ नये, एवढं एकच त्यांच्यात शिल्लक राहिलं होतं. नाव, गाव, माणसं, मी, सगळं गेल्यावर एवढं राहिलं होतं.

फाटकाशी इमरान उभा होता. "अम्मी, दिए?" त्यानं विचारलं. आपांनी त्याला शाई लागलेलं बोट दाखवलं. त्यानं ते हातात घेऊन त्याचा मुका घेतला. मी काही बोलले नाही.

नंतर सबा सांगायची, अम्मी दिवसभर बेसिनपाशी उभ्या राहून ते बोट घासतात. त्यांना तो डाग वाटतो. साबण लावतात, राख मागतात, "गंदा हो गया," म्हणतात. मी गेले की मलाही दाखवायच्या, "देखो ना, जाताच नै." मी त्यांचा हात माझ्या हातात धरून ठेवायची, म्हणजे तेवढा वेळ घासायच्या नाहीत.

थंडी वाढली आणि त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात त्या थोडेच दिवस होत्या. शेवटी शेवटी डोळे उघडायच्या, पण कुणाला शोधायच्या नाहीत. सकाळी इमरानचा फोन आला.

मी पोचले तेव्हा बाहेर सतरंज्या टाकल्या होत्या आणि पुरुष बसले होते. पैठणहून तात्या आले होते. मी त्यांना पहिल्यांदाच समोरासमोर पाहत होते. टोपी हातात घेऊन भिंतीला टेकून उभे होते. मला म्हणाले, "एकदा तरी पाया पडायला यायचं होतं, मंगलताई." 

आतल्या खोलीत बायका आपांना अंघोळ घालत होत्या. मी दाराबाहेर बसले. पाण्याचा आवाज येत होता, मधूनच कुणीतरी हलक्या आवाजात दुआ म्हणत होतं. बऱ्याच वेळानं सबा बाहेर आली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"बाजी," ती म्हणाली, "सगळं अंग धुतलं. हातपाय, नखं, सगळं. लेकिन वो वोट का निशान नै गया."

मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

"अच्छा हुआ ना बाजी, तुम उनकू ले गए," तिनं डोळे पुसत मला विचारलं. "वो उनका आखरी वोट था. मन से दिए थे ना?"

"हौ," मी म्हटलं. "मन से दिए थे."